रोगाचे नाव आणि कर्त्याचा लोप : आगानो नदीकाठचा पारदविषबाधेचा इतिहास

रोगास नाव देणे हे केवळ वैद्यकाचे कार्य नव्हे. पुढील चौकशी कोणत्या दिशेने जाणार, हे पुष्कळ अंशी त्या नावावर अवलंबून असते. जपानमधील आगानो नदीचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

१९५६ साली क्यूशू बेटावरील मिनामाता येथे हातापायांची बधिरता, दृष्टिक्षेत्राचा संकोच, चालताना तोल जाणे व वाणी अडखळणे ही लक्षणे असलेल्या रुग्णांची अधिकृत नोंद झाली. या व्याधीस प्रथम ‘किब्यो’, म्हणजे ‘विचित्र रोग’ म्हणत. पुढे गावाचेच नाव तिला चिकटले. १९५९ साली कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखविले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये आरोग्यमंत्र्यांना सादर झालेल्या अहवालाने उपसागरातील मासे व शिंपले यांतील एका सेंद्रिय पारद-संयुगास कारण ठरविले. परंतु ते संयुग आले कोठून, याविषयी मौन पाळले. ‘विचित्र रोग’, ‘मिनामाता रोग’ आणि हा अहवाल या तिहींत एक समान विशेष दिसतो : कर्त्याचा लोप.

वस्तुतः दोष स्थळाचा नव्हता, प्रक्रियेचा होता. चिस्सो कंपनीच्या कारखान्यात अॅसिटाल्डिहाइड तयार करताना पारा उत्प्रेरक म्हणून वापरीत व त्यातून उपजणारा मेथिल पारा सांडपाण्याबरोबर समुद्रात जाई. हीच प्रक्रिया होन्शू बेटावर, आगानोच्या वरच्या काठी कानोसे येथील शोवा देन्को कंपनीच्या कारखान्यातही चालू होती. रोग गावाच्या नावाने नव्हे, तर या प्रक्रियेच्या नावाने ओळखला गेला असता, तर कानोसेकडे लक्ष लवकर गेले असते, असे अनुमान करण्यास जागा आहे.

जून १९६५ मध्ये निगाता विद्यापीठातील वैद्यांनी आगानोच्या खालच्या खोऱ्यातील रुग्णांची वार्ता जाहीर केली. नदीचे मासे हा तेथील कुटुंबांचा नित्याचा आहार होता. मेथिल पारा सूक्ष्म जीवांतून लहान माशांत व त्यांतून मोठ्या माशांत उत्तरोत्तर साठत जातो. तो माशाच्या मांसातील प्रथिनांशी बद्ध असतो. त्यामुळे शिजविल्याने वा तळल्याने तो नाहीसा होत नाही. रंग, वास वा चव यांवरून खाणाऱ्यास त्याचा सुगावा लागत नाही. पुरावा मिळाला तो रुग्णांच्या केसांतील पाऱ्याच्या मोजणीतून. तरीही या रोगास नाव मिळाले ते ‘निगाता मिनामाता रोग’ हेच.

कंपनीने १९६४ च्या भूकंपात गोदामांतून वाहून गेलेल्या कीटकनाशकांवर दोष टाकला. १९६७ साली पीडितांनी दावा दाखल केला. सप्टेंबर १९६८ मध्ये शासनाने आपले मत प्रसिद्ध केले. त्यात कानोसेच्या सांडपाण्यास विषबाधेचे ‘किबान’, म्हणजे ‘अधिष्ठान’ म्हटले होते. ‘कारण’ हा शब्द टाळला गेला, हे लक्षणीय होय. २९ सप्टेंबर १९७१ रोजी निगाता जिल्हा न्यायालयाने कंपनीस जबाबदार ठरविले, तेव्हा वाक्यास अखेर कर्ता लाभला.

मराठीतही ‘नदी दूषित झाली’ असे आपण सहज लिहितो. व्याकरणदृष्ट्या हे वाक्य निर्दोष आहे. मात्र ती कोणी दूषित केली, हा प्रश्न त्यात उरत नाही. आणि जोवर तो विचारला जात नाही, तोवर त्या नदीचे मासे ताटात येतच राहतात.