ड्रॅगन क्वेस्ट : कोठून निघावें, कसें जावें

बुधवार, ता. १० फेब्रुवारी १९८८. जपानांत तो सुटीचा दिवस नव्हता. तरीहि त्या दिवशीं टोकियोंतील मोठमोठ्या दुकानांपुढें माणसांच्या लांबच लांब रांगा लागल्या होत्या. त्या रांगांत नोकरदार गृहस्थ होते, महाविद्यालयांतील तरुण होते, आणि ज्यांनीं त्या वेळीं शाळेच्या बाकावर असावयास हवें होतें अशीं मुलेंहि होतीं. शाळा बुडवून आलेल्या शेंकडों मुलांना पोलिसांनीं हटकलें. ही सारी झुंबड तळहाताएवढ्या एका कॅसेटसाठीं होती : ‘ड्रॅगन क्वेस्ट’ ह्या खेळमालिकेचा तिसरा भाग त्या दिवशीं विक्रीस आला होता. पुढें जपानांत त्याच्या सुमारें ३८ लाख प्रती खपल्या. ह्या गर्दीवरून एक दंतकथाहि जन्मास आली. हा खेळ कामाच्या दिवशीं विकूं नये असा कायदाच जपान सरकारनें केला, असें अजून पुष्कळ ठिकाणीं सांगतात. कायदा वगैरे कांहीं झाला नाहीं. प्रकाशक एनिक्स कंपनीनेंच पुढील भाग सुटीचा वार पाहून काढण्याचा शहाणपणा दाखविला. चौथा भाग ११ फेब्रुवारी १९९० रोजीं, रविवारीं, बाहेर पडला.

ज्या खेळासाठीं माणसें अशीं तिष्ठत उभीं राहिलीं, त्यांत हाताच्या चपळाईला फारसें काम नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत मुंबई-पुण्याच्या घरांतून जे ‘टीव्ही गेम’ आले, त्यांतील पुष्कळसे निन्तेन्दो कंपनीच्या फॅमिकॉम ह्या यंत्राच्याच नकला होत्या. पण त्यांच्याबरोबर आलेल्या कॅसेटींत उड्या होत्या, गोळीबार होता. ड्रॅगन क्वेस्ट निघाला तो मूळच्या त्याच फॅमिकॉमवर, परंतु त्याची जात निराळी. येथें खेळणारा एका वीराची भूमिका घेतो, गांवोगांव हिंडतो, लोकांशीं बोलतो, राक्षसांशीं लढून अनुभव व सुवर्णनाणीं मिळवितो, आणि अनुभवाच्या प्रमाणांत त्याची शक्ति वाढत जाते. लढाईंत दोन्ही पक्ष आळीपाळीनें वार करतात; विचार करण्यास हवा तितका वेळ असतो. बुद्धिबळाचा पट आणि कादंबरी ह्यांची ही सोयरीक आहे.

ती जुळविली युजी होरी ह्यांनीं. १९५४ सालीं अवाजी बेटावर जन्मलेले होरी वासेदा विद्यापीठांत शिकले आणि मासिकांतून लेखन करूं लागले. १९८२ सालीं एनिक्सनें खेळ रचणाऱ्यांची एक स्पर्धा भरविली. होरी ‘शोनेन जम्प’ ह्या मुलांच्या साप्ताहिकासाठीं लिहीत असत. त्यांनीं स्वतः रचलेला टेनिसचा एक खेळ ह्या स्पर्धेस धाडला आणि त्याला बक्षीस मिळालें. बक्षीस मिळविणाऱ्यांत कोइची नाकामुरा नांवाचा एक विद्यार्थीहि होता. पुढें अमेरिकेच्या वारींत ह्या दोघांनीं ‘विझर्ड्री’ हा खेळ पाहिला. तो आणि ‘अल्टिमा’ हे दोन्ही १९८१ चे. संगणकावरचे, आंकड्यांनीं खच्चून भरलेले, जाणत्यांचेच खेळ. हेंच सुख घरच्या टीव्हीवर, आंकड्यांना भिणाऱ्या मुलांना कसें देतां येईल, हा होरींपुढील प्रश्न होता. त्यांनीं घाई केली नाहीं. आधीं १९८३ सालीं ‘पोर्तोपिया’ ही खुनाच्या तपासाची खेळकथा रचिली. १९८५ सालीं ती फॅमिकॉमवर आली, आणि यादींतून हुकूम निवडून खेळण्याची मुलांना संवय झाली.

ड्रॅगन क्वेस्टचा पहिला भाग २७ मे १९८६ रोजीं निघाला. सगळें राज्य, त्यांतील गांवें, गुहा, राक्षस आणि संगीत अवघ्या ६४ किलोबाइटांत बसविलें होतें. आज एका साध्या छायाचित्रालाहि तेवढी जागा पुरत नाहीं. काताकाना लिपींतील सर्व अक्षरेंहि त्यांत मावलीं नाहींत. निवडक अक्षरें ठेवून राक्षसांचीं व गांवांचीं नांवें तेवढ्यांत जुळवावीं लागलीं. चित्रें काढलीं आकिरा तोरियामा ह्यांनीं, जे ‘ड्रॅगन बॉल’ ह्या चित्रकथेमुळें घरोघर माहीत होते. सर्वांत दुबळा राक्षस म्हणून होरींनीं चिखलाच्या गोळ्यासारखें कांहींतरी सुचविलें होतें. तोरियामांनीं त्याचा निळा, टोकदार, हंसरा थेंब केला, आणि तोच ‘स्लाइम’ पुढें साऱ्या मालिकेचें बोधचिन्ह होऊन बसला. संगीत कोइची सुगियामा ह्यांचें. हे पंचावन्न वर्षांचे प्रतिष्ठित संगीतकार. जपानी बुद्धिबळाच्या एका खेळाविषयीं त्यांनीं ग्राहक म्हणून एनिक्सला पत्र धाडलें, आणि तेवढ्या ओळखीवरून हें काम त्यांच्याकडे आलें. फॅमिकॉमच्या दोन-तीन बारीक आवाजांतून त्यांनीं वाद्यवृंदाचा आभास उभा केला.

पहिल्या भागाचा आरंभ मोठ्या युक्तीनें रचिला आहे. मूळ खेळांत वीर राजाच्या दालनांत उभा असतो आणि दाराला कुलूप असतें. राजाशीं बोलावें, पेट्या उघडाव्या, त्यांतील किल्ली घ्यावी, दार उघडावें, जिना उतरावा. एवढें केल्यावांचून बाहेर पडतां येत नाहीं, आणि एवढें केलें कीं खेळाचे सर्व मुख्य हुकूम हाताखालून गेलेले असतात. धड्याचें नांवहि न काढतां धडा पुरा होतो. बाहेर येतांच पाण्यापलीकडे शत्रूचा किल्ला दिसतो. दिसतो अगदीं समोर, पण तेथें पोंचण्यास सारा मुलूख पालथा घालावा लागतो. नवशिका येथेंच फसतो. तो किल्ल्याच्या ओढीनें वाट फुटेल तिकडे चालूं लागतो. ह्या मुलुखांत पूल म्हणजे वेस आहे. पूल ओलांडला कीं राक्षस बळावतात. म्हणून अंगांत थोडें बळ येईपर्यंत वाड्याच्या आसपासच लढत राहावें. गांवांत शिरल्यावर प्रत्येक माणसाशीं बोलावें, कोणालाहि वगळूं नये. होरींनीं वाट नकाशावर न काढतां ती लोकांच्या तोंडीं घातली आहे. ऐकलेलें कागदावर टिपून ठेवावें. मरणाला भिऊं नये. मेल्यावर राजाचीं बोलणीं खावीं लागतात आणि जवळचीं निम्मीं नाणीं जातात, पण मिळविलेला अनुभव शाबूत राहतो. अर्थात् पैसा कनवटीला बाळगण्यापेक्षां तलवारींत व चिलखतांत घातलेला बरा.

मूळ जपानी आवृत्तींत पहिल्या दोन भागांना स्मरणशक्ति नव्हती. डाव थांबवितांना खेळ एक मंत्र सांगे, ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’, आणि तो उतरून घ्यावा लागे. पहिल्या भागांत हा मंत्र २० अक्षरांचा, ५, ७, ५ आणि ३ असा तोडलेला. ह्यांतील पहिले तीन आंकडे जपानी हायकूचे आहेत. दुसऱ्या भागांत तो ५२ अक्षरांपर्यंत जाई. हिरागाना लिपींत ‘नु’ आणि ‘मे’ सारखे दिसतात, ‘ने’, ‘रे’ आणि ‘वा’ हीं तर भावंडेंच. आपल्याकडे घ आणि ध, भ आणि म ह्यांचा घोटाळा होतो तसा. धूसर पडद्यावरून एक अक्षर चुकून उतरलें, कीं दुसऱ्या दिवशीं मंत्र चुकला असें यंत्र सांगे, आणि कित्येक दिवसांची कमाई एका टिंबापायीं बुडे. तिसऱ्या भागांत बॅटरी आली. पण तिचाहि भरंवसा नसे. कधीं यंत्र सुरू करावें तों एक भेसूर सूर वाजे आणि आपली साहसाची वही पुसली गेल्याचें कळे. चाळिशी-पन्नाशींतले जपानी गृहस्थ तो सूर अजून विसरलेले नाहींत. आजच्या आवृत्त्यांतून हा ताप उरलेला नाहीं.

दुसरा भाग २६ जानेवारी १९८७ चा. त्यांत एकाच वीराच्या वंशांतील तीन भावंडें एकत्र निघतात. शेवटच्या पठाराकडे जाणारी त्यांतील गुहा अवघड म्हणून कुप्रसिद्ध आहे. चोरखड्डे आणि पुनःपुनः त्याच जागीं आणून सोडणाऱ्या वाटा ह्यांनीं ती भरली आहे. येथें दुसऱ्यानें काढलेला नकाशा उघडला तर त्यांत कमीपणा मानूं नये.

क्रमाचा वाद मात्र खरा आहे. नव्या सजावटींत प्रकाशकांनीं तिसरा भाग १४ नोव्हेंबर २०२४ रोजीं आधीं काढला आणि पहिला व दुसरा मिळून ३० ऑक्टोबर २०२५ रोजीं. कथेच्या कालक्रमाचें कारण त्यामागें आहे. तरीहि एक, दोन, तीन हाच क्रम श्रेयस्कर होय. तिसऱ्याच्या उत्तरार्धांत एक गोष्ट उघड होते, ती येथें सांगणें अप्रशस्त. पण जो पहिल्या भागाची भूमि पायांनीं तुडवून आला आहे, त्यालाच तिचा धक्का बसतो. १९८८ च्या त्या रांगेंतील मुलांना तो बसला होता. कालक्रमानें खेळणाऱ्यास कथा समजते, परंतु हें एक सुख कायमचें हातचें जातें.

तिसऱ्या भागाचा नकाशा आपल्या पृथ्वीसारखाच आहे, आणि मराठी वाचकाला त्यांत एक ओळखीचें दार सांपडतें. पोर्तोगा नांवाच्या राज्याचा राजा काळ्या मिऱ्यासाठीं आसुसलेला असतो. पूर्वेकडून मिरें आणून दिल्यास तो जहाज देऊं करतो. मिरें मिळतें तें बाहाराता नांवाच्या गांवीं, आणि नकाशावर हें गांव हिंदुस्थानच्या जागीं आहे. तेथील मिरीविक्याची नात चोरांनीं पळविलेली असते, आणि तिच्या प्रियकराचें नांव गुप्ता! तिला सोडवून आणल्यावर गुप्ता मिरें फुकट देतो. १४९८ सालीं वास्को द गामा कालिकतला उतरला तो ह्याच पदार्थाच्या वासानें, आणि १५१० पासून गोव्यानें त्याचे परिणाम भोगले. जपानी मुलांच्या खेळांत तोच व्यवहार मिऱ्याच्या एका पुडीवर मिटतो. त्या गांवाच्या उत्तरेस दामा नांवाचें देऊळ आहे. तेथें योद्ध्याला पुजारी किंवा जादुगार होतां येतें. हें नांव ‘धर्म’ ह्या शब्दाशींच नातें सांगतें, हें आपल्या कानाला निराळें सांगावें लागत नाहीं.

पुढील भाग एकमेकांपासून बहुतेक स्वतंत्र आहेत, तेव्हां त्यांत क्रमाचा आग्रह नाहीं. चौथ्यांत वीराच्या सोबत्यांच्या कथा आधीं येतात. त्यांत तोर्नेको नांवाचा एक व्यापारी दुकानावर नोकरी करून भांडवल जमवितो, हें प्रकरण मोठें गोड आहे. मूळ आवृत्तींत ह्या सोबत्यांना शेवटच्या पर्वांत हुकूम देतां येत नसे, आणि क्लिफ्ट नांवाचा पुजारी ज्यांच्यावर मृत्युमंत्र चालत नाहीं अशा बलाढ्य शत्रूंवरहि तोच मंत्र फुंकीत बसे. म्हणून नवी आवृत्ति घ्यावी. पांचवा भाग, १९९२ चा, मालिकेंतील सर्वांत श्रेष्ठ म्हणण्यास हरकत नाहीं. त्यांत बापाचें बोट धरून चालणारा मुलगा स्वतः बाप होईपर्यंतची कथा आहे. मध्यंतरीं लग्न ठरतें : बालमैत्रीण बियांका, कीं श्रीमंताची लेक फ्लोरा? ह्यावर जपानांत अजून वाद होतात. २००० सालचा सातवा भाग इतका सावकाश चालतो कीं मूळ खेळांत पहिली लढाई येईपर्यंत कित्येक तास जातात; त्यानें आरंभ करूं नये. दहावा भाग महाजालावर खेळण्याचा असून जपानी येणाऱ्यासाठींच आहे. २०१७ चा अकरावा भाग नव्या माणसाला सर्वांत सोपा, पण त्यांतील जुन्या खुणा ओळखावयाच्या असतील तर तो राखून ठेवावा.

२३ जुलै २०२१ रोजीं टोकियोच्या ऑलिंपिक सोहळ्यांत खेळाडूंचें संचलन सुरू झालें तें सुगियामांच्या ह्याच खेळांतील प्रवेशगीतानें. त्यानंतर ३० सप्टेंबर रोजीं ते वारले. तोरियामा १ मार्च २०२४ रोजीं गेले.

पहिले तीन भाग इंग्रजींतून साध्या मोबाइलवरहि निघाले आहेत. निराळें यंत्र घेण्याचें कारण नाहीं. मूळ खेळांत राजा १२० नाणीं देतो. वाड्याशेजारच्या गांवांत ६० ला सोटा मिळतो आणि २० ला कपडे. उरलेल्या ४० पैकीं २४ ची औषधी मुळी घ्यावी, आणि मग वेशीबाहेर पडावें.