दोन मिनिटांच्या मौनाची कुळकथा

दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनच्या सिग्नल हिलवरून, रविवार आणि सार्वजनिक सुट्या सोडल्यास, रोज दुपारी बाराला तोफ उडते. बंदरातल्या जहाजांना वेळ कळावी म्हणून सुरू झालेली ही जुनी रीत. 1918 च्या मे महिन्यात याच तोफेच्या आवाजावर सगळे शहर स्तब्ध उभे राहू लागले.

पहिल्या महायुद्धाचे ते चौथे वर्ष होते. मार्चमध्ये फ्रान्समध्ये जर्मनांच्या चढाईत दक्षिण आफ्रिकेच्या ब्रिगेडची धूळधाण उडाली होती. महापौर हॅरी हँड्स यांचा मुलगा एप्रिलमध्ये विषारी वायूने दगावला होता. ब्रायडन नावाच्या नगरसेवकाने सुचवले, की तोफ होताच साऱ्यांनी हातातले काम सोडून उभे राहावे. 14 मेपासून ही प्रथा पडली. ॲडर्ली स्ट्रीटवर ट्राम थांबत, पुरुष टोप्या काढत, बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ ही सैनिकी शोकधून वाजे. सुरुवातीला तीन मिनिटे ठरली होती. ती फार लांबतात म्हणून दोन झाली. आणि हे मौन वर्षातून एकदा नव्हे, रोज पाळले जाई. मेलेल्यांच्या याद्या येतच होत्या आणि त्या शहरातली माणसे वर्षभर दररोज भर दुपारी रस्त्यात उभी राहत होती. मला या कथेत याहून मोठे काही दिसत नाही.

दक्षिण आफ्रिकेतले लेखक आणि राजकारणी सर पर्सी फिट्झपॅट्रिक यांनी हे मौन पाहिले होते. त्यांचाही मुलगा, नुजंट, डिसेंबर 1917 मध्ये फ्रान्समध्ये मारला गेला होता. युद्ध संपल्यावर त्यांनी ब्रिटिश वसाहतमंत्री लॉर्ड मिल्नर यांच्यामार्फत ही कल्पना बादशहा पाचव्या जॉर्जपर्यंत पोहोचवली. 7 नोव्हेंबर 1919 रोजी बादशहाचे आवाहन निघाले आणि चारच दिवसांनी, युद्धविरामाच्या पहिल्या स्मृतिदिनी, 11 नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता, साऱ्या ब्रिटिश साम्राज्यात पहिल्यांदा दोन मिनिटे पाळली गेली. एडवर्ड हनी या ऑस्ट्रेलियन पत्रकारानेही त्याच वर्षी मे महिन्यात लंडनच्या वर्तमानपत्रात पाच मिनिटांचे मौन सुचवले होते, त्यामुळे श्रेयाचा वाद अजून निघतो. पण राजवाड्यातून जानेवारी 1920 मध्ये कृतज्ञतेचे पत्र गेले ते फिट्झपॅट्रिक यांना. माझ्या मते तो मान केपटाउनच्या रस्त्यावर उभ्या राहणाऱ्यांचाही आहे.

या मौनावर आपलाही हक्क आहे. याच महायुद्धात इराकमधल्या कूत-अल-अमारा इथे तुर्कांच्या वेढ्यात सापडलेल्या ब्रिटिश हिंदी सैन्याच्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. एप्रिल 1916 मध्ये तिथे शरणागती पत्करावी लागली, आणि पुढे कैदेत असंख्य शिपाई दगावले. सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत आजही संगमरवरी पाटी दिसते: या गावातून महायुद्धावर इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडे आहेत, नावे नाहीत.

आज आपण दर 30 जानेवारीला सकाळी अकरा वाजता, स्वातंत्र्यासाठी प्राण वेचलेल्यांकरता, दोन मिनिटे उभे राहतो. सभासंमेलनांत मात्र ती दोन मिनिटे पाऊण मिनिटात उरकलेली मी अनेकदा पाहिली आहेत, आणि दर वेळी वाईट वाटले आहे. पुढच्या वेळी घड्याळ लावून पूर्ण दोन मिनिटे उभे राहा. आणि तुमच्या गावात तशी पाटी असेल, तर जुन्या घराण्यांत विचारून त्या आकड्यामागची नावे लिहून ठेवा.