कोऱ्या पाठीची नोट

काही वर्षांपूर्वी एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडत असता नाण्यांच्या पसाऱ्यात मला एक परदेशी नोट दिसली. दोन मिसळींच्या पैशांत ती मी घेतली. नोट जर्मनीची, तारीख २२ ऑगस्ट १९२३, किंमत दहा कोटी मार्क. उलटून पाहिली तर पाठ कोरी! छापायचे राहून गेले की काय, असे प्रथम वाटले. तसे नव्हते. दोन्ही बाजू छापीत बसायला त्या सरकारला सवडच उरली नव्हती.

ती नोट मी सातवीच्या वर्गात नेली. मुलांनी ती हाताळली, वास घेतला, आणि एकाने विचारले, "गुरुजी, नोटा छापायचे यंत्र सरकारकडेच असते ना? मग सरकारला पैसे कमी कसे पडतात?" मी मॅट्रिक झालेला मास्तर. कादंबऱ्या लिहितो, अर्थशास्त्राशी माझा संबंध पगाराच्या तारखेपुरता. "उद्या सांगतो" म्हणालो खरा. पण तो उद्या उजाडायला पुढे दोन महिने लागले. तेवढ्यात जे वाचले, ते आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

१९१४ साली एका डॉलरला ४.२ मार्क पडत. मार्क म्हणजे सोने, अशी खात्री होती. नोट दाखवली की बँक सोने मोजून देई. महायुद्ध सुरू होताच, त्याच ऑगस्टात, ही सोय बंद झाली. युद्धाचा खर्च करवाढीतून काढण्याऐवजी सरकारने लोकांकडून कर्ज घेतले. एकामागून एक अशी नऊ युद्धकर्जे काढली आणि सुमारे ९८ अब्ज मार्क उभे केले. शाळामास्तरांनी, पोस्टमनांनी, विधवांनी आयुष्याची शिल्लक त्यात घातली. बायकांनी सोन्याच्या अंगठ्या दिल्या आणि त्यांच्या बदल्यात लोखंडाच्या अंगठ्या मोठ्या अभिमानाने बोटांत घातल्या. राज्यकर्त्यांचा हिशेब सरळ होता: आपण जिंकू आणि हे सारे पैसे शत्रूकडून वसूल करू. नोव्हेंबर १९१८ मध्ये जर्मनी हरली. हिशेब उलटा फिरला.

बहुतेकांना वाटते की, हा सारा अनर्थ व्हर्सायच्या तहातील खंडणीने ओढवला. मला ते अर्धेच खरे वाटते. १९२१ मध्ये दोस्तांनी १३२ अब्ज सुवर्णमार्कांचा आकडा ठरवला, हे खरे; आणि सुवर्णमार्क म्हणजे कागद नव्हे, सोने किंवा परकी चलन. ते विकत घ्यायला सरकार आपल्या नोटा बाजारात ओतू लागले, तशी नोटेची किंमत घसरत गेली. परंतु नोटा छापून वेळ मारून नेण्याची सवय १९१४ चीच होती. जून १९२२ मध्ये परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाउ यांचा भर रस्त्यात खून झाला, आणि परक्या सावकारांचा उरलासुरला भरवसाही उडाला.

११ जानेवारी १९२३ रोजी, तारेचे खांब व कोळसा यांचा हप्ता थकला म्हणून फ्रान्स व बेल्जियमच्या फौजा रूरच्या कोळसापट्ट्यात शिरल्या. कामगारांनी असहकार पुकारला. आपल्याला तो शब्द चांगला ओळखीचा. पण येथे संपावरल्या लाखो लोकांचा पगार सरकार देत होते. कोळसा नाही, कर नाहीत, मग पगार कशातून? छापखान्यातून. जानेवारीत डॉलरला १८ हजार मार्क पडत होते, जुलैत साडेतीन लाख, ऑगस्टात ४६ लाख.

जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचे, राइक्सबँकेचे, अध्यक्ष रुडोल्फ हाफेनश्टाइन यांचा मला राग येत नाही, कीवच येते. माणूस प्रामाणिक, कष्टाळू, राजनिष्ठ. त्यांची समजूत अशी की, भाव वाढतात म्हणून नोटा कमी पडतात. नोटांमुळे भाव वाढतात हे त्यांना पटलेच नाही. शंभरावर खासगी छापखाने आणि तीस कागद-गिरण्या त्यांनी कामाला जुंपल्या. ऑगस्टात त्यांनी अभिमानाने सांगितले की, लवकरच देशात फिरणाऱ्या एकूण चलनाच्या दोनतृतीयांश नोटा आपण एका दिवसात छापू शकू! आग विझवायला माणूस धावतो आहे आणि घागरीत रॉकेल आहे, असा तो प्रकार.

आम्ही शाळेत घोकलेली संख्यांची नावे, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, ही नुसती पाठांतरासाठी असतात असे मला वाटे. जर्मनीत ती वाण्याच्या दुकानात पोचली. जानेवारीत अडीचशे मार्कांना मिळणारा पाव नोव्हेंबरात सुमारे २०० अब्जांना, म्हणजे दोन निखर्वांना, मिळू लागला. २० नोव्हेंबरला एका डॉलरचा भाव ४.२ महापद्म होता. महापद्म म्हणजे एकावर बारा शून्ये. छापलेली सर्वांत मोठी नोट तर शंभर महापद्मांची, म्हणजे नेमकी एका जलधीची! माझ्याजवळची नोट तिच्या तारखेला पंधरा-वीस डॉलरची असेल. तीन महिन्यांनी एका डॉलरसाठी तसल्या बेचाळीस हजार मोजाव्या लागल्या असत्या.

पगार दिवसातून दोनदा होऊ लागला. कारखान्याच्या फाटकाशी बायका उभ्या असत. नवऱ्याने गठ्ठा हातात दिला की पुढचा भाव लागण्याच्या आत त्या दुकानाकडे पळत. गठ्ठे चुलीत घातले तर लाकडांपेक्षा स्वस्त पडत. मुले नोटांच्या विटा रचून घरे बांधीत. त्यांची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. बीलेफेल्ड गावाने तर रेशमी कापडावर नोटा काढल्या. शेतकरी कागद घेईनात, तेव्हा शहरातली माणसे घड्याळे आणि चादरी घेऊन बटाट्यांसाठी खेडोपाडी हिंडली.

सगळेच बुडाले असे मात्र नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज होते, तो तरला. राइक्सबँक १९२२ च्या मध्यापर्यंत अवघ्या पाच टक्क्यांनी कर्ज देत होती. हुगो श्टिनेस यांच्यासारख्या उद्योगपतींनी ते उचलून खाणी, जहाजे, वर्तमानपत्रे घेतली आणि मातीमोल कागदांनी फेडले. सर्वांत मोठे ऋणको अर्थातच सरकार. बुडाला तो बचत करणारा, पेन्शनवर जगणारा, भावाच्या शब्दावर नव्हे तर सरकारच्या शब्दावर विसंबलेला माणूस. त्याच नोव्हेंबरात, ८ तारखेला, म्युनिकच्या एका बिअरच्या दिवाणखान्यात हिटलरने बंडाचा डाव टाकला. तो दुसऱ्याच दिवशी फसला; पण ऐकायला माणसे जमली होती, हे विसरता येत नाही.

१५ नोव्हेंबर १९२३ रोजी रेंटेनमार्क निघाला. सोने नव्हतेच, देशातील शेतजमिनी व कारखाने तारण मानले आणि ठरावीक आकड्यापुढे छापायचे नाही, असे बंधन घातले. एक रेंटेनमार्क म्हणजे एक महापद्म जुने मार्क. भाव थांबले. बिचारे हाफेनश्टाइन २० नोव्हेंबरलाच वारले. पुढे १९२५ च्या कायद्याने गहाणखतांच्या धन्यांना मूळ रकमेच्या चौथ्या हिश्शाइतके परत मिळाले. युद्धकर्ज देणाऱ्यांच्या वाट्याला त्याहूनही फार कमी आले.

हे वर्गात सांगितले तेव्हा मी फळ्यावर गणित घातले: ९८ अब्जांच्या युद्धकर्जाचे नव्या नाण्यात किती? मुलांनी शून्ये खोडली. एका मार्काचे शंभर फेनिग. उत्तर आले ९.८ फेनिग. साऱ्या देशाच्या नऊ कर्जांत अर्धा पावसुद्धा आला नसता. वर्ग हसला. तो प्रश्न विचारणारा मुलगा मात्र नोटेची कोरी पाठ बघत बसला होता.

"गुरुजी," तो म्हणाला, "मग त्या अंगठ्या?"

"नाही मिळाल्या," मी म्हटले, आणि फळा पुसायला घेतला.