बरणी काय सांगते

पालमच्या बसस्टँडजवळ माझ्या वडिलांचे शिलाईचे दुकान होते. १९८१ च्या पावसाळ्यात एका सकाळी एक पोलीस शिपाई दुकानाच्या फळीवर येऊन बसला. मांडीवर कापडात शिवलेले खोके, त्यावर जागोजागी लाखेचे सील. मी दहा-अकरा वर्षांचा. खोक्याला हात लावायला गेलो, तर अब्बांनी डोळे वटारले. एस.टी. आली, शिपाई गेला. मग अब्बा हळूच म्हणाले, "त्यात माणसाचं काळीज आहे, बेटा. तपासायला चाललंय."

खोके जवळच्या एका गावातल्या शेतकऱ्याचे होते. रात्री धाकट्या भावाकडे जेवला आणि पहाटे गेला. दोघांत बांधावरून जुना वाद होता. गावाने त्याच दिवशी निकाल लावून टाकला, भावाने विष घातले. डॉक्टरांनी मात्र शवविच्छेदन करून मत राखून ठेवले आणि व्हिसेरा पुढे पाठवला. वर्तमानपत्रात 'व्हिसेरा राखून ठेवला' हे वाक्य आपण नेहमी वाचतो. पुढे त्याचे काय होते, हे कुणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते.

मी कवी माणूस, बी.ए. झालेला. रसायनशास्त्राशी संबंध दहावीपुरता. पण माझा भाचा एम.एस्सी. होऊन न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेच्या विषशास्त्र विभागात वैज्ञानिक सहायक म्हणून लागला. विश्लेषणाच्या शिडीची ती खालची पायरी. ईदला घरी आला, की मी त्याला खोदून विचारतो.

तो सांगतो, "मामू, पहिलं काम सील बघण्याचं. सोबत आलेल्या नमुन्याशी सील जुळलं नाही, तर पुढचं सगळं व्यर्थ." साधारणपणे एका बरणीत जठर आणि आतड्याचा तुकडा, दुसरीत यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडाचे तुकडे असतात. ते मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवलेले असतात. फॉर्मेलिन वापरत नाहीत, कारण त्याने विषाची तपासणी अवघड होते. त्या मिठाच्या पाण्याचाही थोडा नमुना वेगळा येतो. विष सापडले तर ते पाण्यातूनच आले, असे कुणी म्हणू नये म्हणून.

मग तुकडे बारीक करायचे, त्यातली प्रथिने बाजूला काढायची, द्रावकात हलवून विष उतरवून घ्यायचे. सिलिका जेलच्या पातळ थराच्या काचपट्टीवर त्याचा ठिपका द्यायचा. शेजारी माहितीतल्या कीटकनाशकाचा ठिपका. पट्टी द्रावकात उभी केली, की ठिपके वर चढतात. फवारा मारला, की रंग येतो. उंची आणि रंग जुळले, तरी दुसऱ्या पद्धतीने खात्री करायची. ही सगळी नोंद नवख्याने लिहायची. ती वरिष्ठ तपासतात आणि अहवालावर त्यांची सही होते.

ही व्यवस्था आजची नाही. सोमल, म्हणजे आर्सेनिक, शतकानुशतके खुन्यांच्या आवडीचे विष होते. रंग नाही, चव नाही, आणि लक्षणे पटकीसारखी. १८३६ मध्ये जेम्स मार्श या इंग्रज रसायनतज्ज्ञाने त्याची चाचणी प्रसिद्ध केली. जस्त आणि आम्लाच्या साहाय्याने सोमलाचा वायू करायचा, तो पेटवायचा आणि ज्योत थंड चिनी मातीवर धरायची. काळी चकचकीत झाक उमटते. आपल्याकडे रासायनिक परीक्षकाची पहिली प्रयोगशाळा १८४९ मध्ये मद्रासला निघाली, नंतर कलकत्ता आणि आग्रा, आणि १८७० मध्ये मुंबईत. त्याआधी, १८६६ मध्येच, मुंबई इलाख्यात विषाच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा झाला होता. देशभरासाठी तसा कायदा १९०४ मध्ये आला.

मुंबईच्या या कार्यालयाची खरी कसोटी थोड्याच वर्षांत लागली. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले. बरे वाटेना म्हणून उरलेले फेकून दिले, तर पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो तपासून मुंबईला पाठवला. मुंबईचे रासायनिक विश्लेषक डॉ. ग्रे यांनी सोमल आणि हिऱ्याची पूड सापडल्याचे कळवले. संशय थेट मल्हारराव गायकवाडांवर गेला.

१८७५ मध्ये चौकशीसाठी सहा जणांचे आयोग बसले. तीन इंग्रज आणि तीन हिंदी, म्हणजे ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. गाळात सोमल असल्याचा अहवाल सहाही जणांपुढे होता. तरीही इंग्रजांनी महाराजांना दोषी ठरवले आणि हिंदी सदस्यांना आरोप सिद्ध झालेला दिसला नाही. सरकारने शेवटी गैरकारभाराचे कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत केले. त्यांच्या जागी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा दत्तक आला. तेच सयाजीराव महाराज.

गाळाने विष कोणते ते सांगितले. कोणी घातले, ते सांगितले नाही. ते सांगणे त्याचे कामच नव्हते. भाचा म्हणतो, "मामू, आम्हाला हेच पहिलं शिकवतात. जिथं पट्टी थांबते, तिथं आपण थांबायचं." मला हे कठीण वाटते. कवीला जे दिसत नाही तेही लिहायची मुभा असते. त्याला नाही.

आणि 'विष आढळले नाही' याचाही अर्थ मर्यादित असतो. उलटी झाली असेल, दवाखान्यात पोट धुतले असेल, उपचारांत चार दिवस गेले असतील, तर विष हाती लागत नाही. म्हणून डॉक्टर हा अहवाल शवविच्छेदनाच्या नोंदींशी ताडून मगच अंतिम मत देतात.

कायद्याने या कागदाला मोठा मान दिला आहे. १८९८ च्या फौजदारी संहितेतले कलम ५१०, १९७३ च्या संहितेतले २९३ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतले ३२९. विश्लेषकाला साक्षीला न बोलावताही त्याचा अहवाल पुरावा म्हणून वाचता येतो. न्यायालयाला वाटले तर बोलावतेही. म्हणजे खालच्या पायरीवर बसलेल्या पोराने लिहिलेली नोंद एखाद्याच्या जन्मठेपेपर्यंत पोचू शकते.

आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. पुढे औरंगाबादच्या छावणीत प्रादेशिक प्रयोगशाळा झाली. (शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर.) आता नांदेडलाही आहे. तोवर सोमलाची जागा कीटकनाशकांनी घेतली होती. कपाशीबरोबर एंड्रिन घरात आले, आणि आमच्याकडे 'एंड्रिन पिला' म्हणजेच विष पिला. एंड्रिनवर १९९० मध्ये बंदी आली, शब्द बोलीत राहिला. औषधे नवी, तर चाचण्याही नव्या हव्यात. १९९० च्या दशकात छावणीच्या प्रयोगशाळेतले व्ही. बी. पाटील आणि तिथल्या विद्यापीठातले एम. एस. शिंगारे यांनी कार्बारिल हे कीटकनाशक काचपट्टीवर ओळखण्याची पद्धत शोधली. ती ब्रिटनच्या 'अ‍ॅनालिस्ट' या नियतकालिकात छापून आली. मराठवाड्याच्या दुःखातून निघालेले हे विज्ञान आपल्याला फारसे ठाऊक नाही.

आज या कागदाची वाट पाहणारे राजेमहाराजे नसतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. अशा मृत्यूंसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून दोन लाख रुपये मिळतात. विषबाधा सिद्ध करायला रासायनिक विश्लेषणाचा अहवाल लागतो. तो येईपर्यंत त्या घरातली बाई तालुक्याला खेटे घालते.

आता त्या खोक्याचे सांगतो. अहवाल यायला दीड वर्ष लागले. कुठल्या टेबलावर अडकला, ते कुणालाच कळले नाही. 'विष आढळले नाही' असे त्यात होते. शवविच्छेदनाच्या नोंदींशी ताडून डॉक्टरांनी मृत्यू हृदयविकाराचा असल्याचे मत दिले. त्या दीड वर्षात धाकट्या भावाच्या हातचा चहा कुणी घेतला नव्हता. बाजाराच्या दिवशी तो आमच्या दुकानाच्या फळीवर येऊन बसायचा. अब्बा दोन कप मागवायचे, एक त्याला, एक स्वतःला. शेवटी बायको-मुलांना घेऊन तो ऊसतोडीला गेला आणि परत आला नाही. कागद आला, तेव्हा वाचून दाखवायला तो गावात नव्हता.

ही गोष्ट मी भाच्याला सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामू, आमच्याकडं फडताळात खोकी रांगेनं असतात. मी त्यांच्याकडं फक्त नंबर म्हणून बघायचो." सुटी दोन दिवस उरली होती. तो दुसऱ्याच सकाळच्या गाडीने कामावर गेला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)