डागडुजी आणि खरा फेरबदल

यंत्राला किंवा बांधकामाला हात लावला म्हणजे त्यांत बदल झालाच, असें नव्हे. ढिला पेंच आवळणें, झिजलेली कडी बदलणें, ही डागडुजी होय. ज्या बदलानें त्या वस्तूचें कामच पालटतें आणि तिच्यावर पडणाऱ्या भाराचा हिशेब नव्यानें मांडावा लागतो, तोच खरा फेरबदल. भोर आणि वेल्हें या भागांतील पाण्याचा इतिहास हा भेद चांगला स्पष्ट करतो.

वेल्ह्याकडील आंबी व मोसी या नद्यांचें पाणी मुठेला मिळून खडकवासल्याच्या तलावांत उतरतें. तेथील जुन्या धरणाच्या सांडव्यावरून दर पावसाळ्यांत पुष्कळ पाणी वाहून जाई. १९०३ सालीं मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं त्या सांडव्यावर स्वयंचलित दारें बसविलीं. पाणी ठराविक पातळीवर चढतांच तीं आपोआप उघडत आणि पूर ओसरतां मिटत. धरणाची भिंत न उंचवितां साठा वाढला. दिसावयास बदल लहान. परंतु दारें उघडण्याचें मनुष्याचें काम पाणीच करूं लागलें, म्हणून तो खरा फेरबदल.

भोरजवळ भाटघर येथें येळवंडी नदीवर एकोणिसाव्या शतकांतील धरण होतें. नीरेच्या कालव्यांना अधिक पाणी हवेंसें झालें, तेव्हां जुन्या भिंतीची ठाकठीक पुरेशी नव्हती. म्हणून सुमारें १९० फूट उंच व ५,३३३ फूट लांब असें नवेंच दगडी धरण बांधण्यांत आलें. तें १९२७ सालीं पुरें झालें आणि जुनें धरण नव्या जलाशयाच्या पोटांत गेलें.

डागडुजीनें भागणार नाहीं अशी वेळ १९६१ सालीं आली. आंबीवरील पानशेतचें धरण काम अपुरें असतांच भरूं लागलें. पाणी बाहेर सोडणाऱ्या मोरीची व्यवस्था पूर्ण झालेली नव्हती. भराव खचूं लागला, तेव्हां जवानांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचिलीं. त्या पोत्यांनीं कांहीं तास मिळवून दिले, आणि त्या तासांचें मोल थोर होतें. परंतु पोतीं मोरीचें काम करूं शकत नव्हतीं. १२ जुलै रोजीं पानशेत फुटलें, मागोमाग खडकवासलाही फुटला, आणि पुण्याच्या पेठांत पाणी शिरलें. दोन्हीं धरणें पुढें पुन्हा उभारावीं लागलीं.

डागडुजी वेळ मिळवून देते. मूळची उणीव ती भरून काढीत नाहीं. म्हणून कोणतीही दुरुस्ती पुरी झाली असें म्हणण्यापूर्वीं एवढें पुसावें: दोष गेला, कीं केवळ पुढें ढकलला?