अडगळ आणि दप्तर

दिवाळी जवळ आली कीं घरोघरचे माळे उपसले जातात. फुटकीं भांडीं मोडींत निघतात, जुने कपडे बोहारणीकडे जातात आणि कागदांचीं गांठोडीं रद्दींत. घर मोकळें झालें म्हणजे मनासही बरें वाटतें. परंतु महाराष्ट्राच्या इतिहासाचा फार मोठा भाग असल्याच अडगळींतून वर आला आहे, हें माळ्यावर चढतांना ध्यानांत असावें.

पेशवाई १८१८ सालीं संपली. तिच्या काळचे कागद सरदारांच्या आणि कारकुनांच्या वाड्यांतून तसेच पडून राहिले. ते जपणारीं माणसें गेलीं. पुढच्या पिढ्यांची मोडी वाचण्याची संवय सुटली. जें वाचतां येत नाहीं तें निरुपयोगी, असें ठरावयास वेळ लागत नाहीं. कित्येक दप्तरें वाळवीनें खाल्लीं, कित्येक पावसानें कुजलीं आणि कित्येक निव्वळ स्वच्छतेच्या हौसेपायीं नाहींशीं झालीं. उरलें तें मिळविण्यासाठीं वि. का. राजवाडे गांवोगांव हिंडले. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. पुढें खंडांची संख्या २२ झाली. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें आणि अशा कागदांना हक्काचें घर मिळालें.

मग घरांतलें कांहींच टाकूं नये काय? तसें नव्हे. नुसतें सांठवीत राहणें हाही गमावण्याचाच एक संथ प्रकार आहे. पुण्याच्या पेशवे दप्तराचें उदाहरण घ्या. इनामांचे हक्क तपासण्याच्या कामीं उपयोगी म्हणून सरकारनें तें जपलें होतें. हजारों रुमाल नीट बांधलेले होते; पण इतिहासाच्या अभ्यासकांना ते बहुतांशीं बंदच होते. गो. स. सरदेसाई आणि त्यांचे सहकारी यांनीं ते सोडले, कागद चाळले, त्यांतले महत्त्वाचे निवडले आणि विषयवार लावले. १९३० ते १९३४ या काळांत त्या निवडीचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनांच्या दप्तरांतील पत्रें कालक्रमानें लावून त्यांचा संदर्भ सांगितला, म्हणूनच तीं सुटीं पत्रें इतिहास म्हणून वाचतां आलीं.

या थोर पुरुषांनीं जें दप्तरांत केलें, तेंच लहान प्रमाणावर आपल्या घरांत करतां येईल. फुटका तांब्या खुशाल टाकावा. मात्र कागदांचें गांठोडें पुढें आलें तर तें सोडल्यावांचून रद्दींत देऊं नये. दुकानाच्या पावत्या, दुहेरी प्रती वेगळ्या काढाव्यात. पत्रें, जमाखर्चाच्या वह्या आणि छायाचित्रें वेगळीं ठेवावींत. घरांतील सर्वांत वडील माणसाला जवळ बसवून कोण, कोठलें, कोणत्या सालचें हें विचारावें आणि प्रत्येक छायाचित्रामागें पेन्सिलीनें लिहून ठेवावें. मोडी कागद असेल तर मोडी जाणणाऱ्यास एकदां दाखवावा. एवढें केल्यावर गांठोडें निम्म्याहून लहान होईल, माळाही मोकळा होईल, आणि जें उरेल तें काय आहे हें नातवंडांना कोणाला विचारावें लागणार नाहीं.