कलम २४००८ आणि जमिनीलगतच्या गाड्या

हौशी माणूस आपली जुनी किंवा नटवलेली गाडी रस्त्यावर मिरवायला आणतो, तेव्हा बघणारे साधारण दोनच निष्कर्ष काढतात. एक, याच्याकडे पैसा उतू चाललाय. दोन, याला जुन्या दिवसांचा लळा आहे. कॅलिफोर्नियातल्या लोरायडर गाड्यांना यातला एकही निष्कर्ष पुरत नाही. लोरायडर म्हणजे बुड जवळजवळ रस्त्याला टेकेल इतकी खाली आणलेली, आरशासारख्या रंगाची, मुद्दाम पायी चालण्याच्या गतीने हाकलेली गाडी. ही हौस लॉस एंजेलिस आणि आसपासच्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांमध्ये वाढली. तिचं आजचं रूप घडवण्यात मालकांच्या आवडीइतकाच कायदे करणाऱ्यांचा आणि दंडाची पावती फाडणाऱ्या पोलिसांचा हात आहे, असं माझं म्हणणं आहे. रस्त्यावर कुणी, किती वेळ आणि कोणत्या थाटात दिसावं, या भांडणातून ही गाडी तयार झाली.

भांडण गाड्यांच्या आधी कपड्यांवरून सुरू झालं होतं. जून १९४३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रजेवरच्या खलाशांनी आणि सैनिकांनी झूट सूट घातलेल्या मेक्सिकन पोरांना गाठून मारलं, त्यांच्या अंगावरचे कपडे उतरवले. लांब कोट आणि ढगळ विजार हा त्या पोरांचा रुबाब, आणि युद्धकाळात कापडाची टंचाई असताना एवढं कापड अंगावर मिरवणं म्हणजे देशद्रोह, असा कांगावा. शहराच्या परिषदेत असा पोशाख हाच गुन्हा ठरवण्याचा ठरावही झाला. युद्ध संपल्यावर याच वस्त्यांतल्या पोरांच्या हाती थोडा पैसा आला आणि बाजारात सेकंडहँड शेवरोले स्वस्त मिळू लागल्या. डिकीत वाळूची किंवा सिमेंटची पोती टाकायची, नाहीतर सरळ स्प्रिंगा कापायच्या, की गाडी खाली बसे. त्याच काळात गोरी पोरं ‘हॉट रॉड’ बनवत होती, म्हणजे जुन्या गाडीत दांडगं इंजिन घालून वेग काढायचा. मेक्सिकन पोरांनी नेमकं उलट केलं. रविवारी संध्याकाळी व्हिटियर बुलेव्हार्ड या रस्त्यावर इतकं हळू जायचं की फुटपाथवरच्या प्रत्येकाने गाडी नीट बघावी. मेक्सिकोच्या गावांत चौकाभोवती सहकुटुंब फेऱ्या मारण्याची जुनी रीत आहे. तिचाच हा चाकांवरचा अवतार, असं काही अभ्यासक म्हणतात, आणि ते पटण्यासारखं आहे.

मग १९५८ मध्ये राज्याने वाहन कायद्यात कलम २४००८ घातलं. बदल केलेल्या गाडीचा, चाकं सोडून, कोणताही भाग चाकाच्या रिमच्या तळापेक्षा खाली येता कामा नये, असा त्याचा मथितार्थ. हे मोजायला सोपं होतं. पोलिसाने वाकून पाहायचं आणि पावती फाडायची. १९५९ मध्ये रॉन अगिरे नावाच्या तरुणाने, अशाच पावत्यांना कंटाळून, वडिलांच्या मदतीने आपल्या कॉर्व्हेटला विमानांच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप बसवले. रचना तशी साधी आहे. डिकीत बॅटऱ्या आणि पंप, चाकांपाशी सिलिंडर, आणि चालकाच्या हाताशी बटणं. बटण दाबलं की तेलाच्या दाबाने सिलिंडर गाडी उचलतो, दाब सोडला की गाडी खाली येते. पोलीस दिसला की गाडी वर, तो कोपऱ्यावरून वळला की परत जमिनीलगत. कापलेल्या स्प्रिंगा पुन्हा लांब होत नाहीत. पंपाने मात्र एकाच गाडीला दोन उंच्या दिल्या, एक कायद्यासाठी आणि एक मालकासाठी.

ही गोष्ट जरा जास्तच गोळीबंद आहे, असा आक्षेप कुणी घेईल आणि तो रास्त आहे. सिट्रोएनने १९५५ मध्येच डीएस या गाडीला तेल आणि वायूच्या दाबावर वरखाली होणारं सस्पेन्शन दिलं होतं. अगिरेची कॉर्व्हेट प्रदर्शनांत मिरवणारी गाडी होती, म्हणजे दंड नसता तरी त्याने काहीतरी अचाट केलंच असतं. एकट्या कायद्याने हायड्रॉलिक जन्माला घातलं, असं मीही म्हणणार नाही. पण एखादी युक्ती कुणाला सुचणं वेगळं आणि अख्ख्या वस्तीने ती उचलणं वेगळं. वस्तीतल्या गॅरेजांना ती हवीशी वाटली, कारण तिने रोजची एक अडचण सोडवली. पुढे १९५८ ते १९६४ या काळातल्या शेवरोले इम्पाला या कामासाठी लाडक्या ठरल्या. इंग्रजी एक्सच्या आकाराच्या त्यांच्या चासीत पंप आणि सिलिंडर बसवायला ऐसपैस जागा मिळे. पोलिसांना चकवायला बसवलेली यंत्रणा मग स्वतःच खेळ झाली: गाडी नाचवणं, पुढची चाकं उडवणं, कुणाची जास्त उडते याच्या स्पर्धा.

दुसरा आक्षेप असा की कायदा सगळ्यांना सारखाच होता. गोरे हौशी कारागीरही गाड्या खाली आणत, मग यात वस्तीचा प्रश्न कुठे आला? शब्दांत कायदा सारखा होता, हे खरं. पण हॉट रॉडवाल्या पोरांचं काय झालं ते शेजारी ठेवून पाहा. रस्त्यावरच्या शर्यतींनी लोक हैराण झाले, तेव्हा १९५१ मध्ये या हॉट रॉडवाल्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि १९५३ मध्ये पोमोनाच्या जत्रा-मैदानावर तिची शर्यत भरली, तीही स्थानिक पोलिसांच्या पाठिंब्याने. वेगाला मैदान देता येतं. हळू चालण्याला कुठलं मैदान देणार? लोरायडरला रस्ताच हवा, कारण बघणारे रस्त्यावर आहेत. त्यामुळे त्याच्याशी तडजोड होण्यासारखं काही नव्हतं, आणि कुणी करूही पाहिली नाही.

आता पैशाचा मुद्दा. ‘जिप्सी रोज’ ही या परंपरेतली सर्वांत गाजलेली गाडी, इम्पीरियल्स या लोरायडर क्लबच्या जेसी वालादेझ यांची १९६४ ची इम्पाला. गुलाबी रंगावर रंगाचे थर, आणि त्यांच्या खालून उमटणारे हाताने रंगवलेले गुलाब: टपावर, बॉनेटवर, दारांवर. १९७४ मध्ये ‘चिको अँड द मॅन’ या दूरदर्शन मालिकेच्या सुरुवातीलाच ती ईस्ट लॉस एंजेलिसच्या रस्त्यावरून जाताना अमेरिकेने पाहिली. अशा गाडीवर खर्च प्रचंड होतो, यात वाद नाही. मात्र तो खर्च कसा होतो ते बघायला हवं. या गाड्या वर्षानुवर्षं, पगार होईल तसतशा, बापलेकांच्या आणि क्लबमधल्या मित्रांच्या हातून घडतात. पत्र्याचं काम एकाचं, रंग दुसऱ्याचा, गाद्यांची शिलाई तिसऱ्याची. १९६२ पासून अखंड चालत आलेला ड्यूक्स क्लब रुएलास भावंडांनी काढला. अशा क्लबांनी गाड्यांच्या कार्यक्रमांतून सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेसाठी निधीही उभारला. विकत घेतलेल्या श्रीमंतीचं हे लक्षण नाही. नाक्यावरच्या मिस्त्रीचा अभिमान आहे, असंच मी म्हणेन.

सर्वांत जड आक्षेप गुन्हेगारीचा. फेऱ्यांमुळे वाहतूक तुंबायची, मारामाऱ्या व्हायच्या, दुकानदार कावायचे; हे नाकारण्यात अर्थ नाही. १९७९ मध्ये व्हिटियर बुलेव्हार्डवर पोलिसांनी अडथळे लावून फेऱ्या बंद पाडल्या. १९८० च्या दशकात राज्याने शहरांना फेरीबंदीचे अधिकार दिले. सॅन डिएगोजवळच्या नॅशनल सिटीने १९९२ मध्ये अशी बंदी घातली. पण या बंदीची व्याख्या तपासा. गर्दीच्या वेळी ठरावीक अवधीत एकाच ठिकाणावरून पुन्हा पुन्हा जाणं, हा गुन्हा. मारामारी, कर्कश आवाज, बेफाम वेग यांच्यासाठी आधीच कायदे होते. नव्या नियमाने नुसतं पुन्हा दिसणं दंडनीय केलं.

याच काळात या गाड्यांची मान्यता मात्र वाढत होती. १९७७ मध्ये सॅन होझेच्या विद्यार्थ्यांनी ‘लोरायडर’ मासिक काढलं. १९९० मध्ये न्यू मेक्सिकोतल्या चिमायोची ‘डेव्हज ड्रीम’ ही १९६९ ची फोर्ड स्मिथसोनियन संग्रहालयाने घेतली. २०१७ मध्ये जिप्सी रोज राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत गेली आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत उभी राहिली. त्या वर्षीही नॅशनल सिटीच्या रस्त्यावर फेरी मारणं बेकायदा होतं. २०२३ मध्ये ती बंदी उठली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी सही केलेल्या कायद्याने १ जानेवारी २०२४ पासून राज्यभरच्या फेरीबंद्या आणि कलम २४००८ दोन्ही रद्द झाली. क्लबवाल्यांनी त्यासाठी चिकाटीने लढा दिला, हे खरं. पण सरकारचं मन वळलं ते या गाड्यांचे मालक आजोबा झाल्यावर आणि गाड्या महागड्या झाल्यावर, हेही नजरेआड करू नये.

आपल्याकडचा हिशेब याहून सोपा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा क्रमांक दिला, पण अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. आणि गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती किंवा इंधन भरण्यापुरती. गाडी जपणाऱ्याला इथे मान मिळतो, तिच्यावर हात चालवणाऱ्याला आरटीओची नोटीस. जिप्सी रोज आपल्या नियमांत वयाच्या अटीवर पास होईल आणि मूळ रूपाच्या अटीवर नापास.